जुनी हॉट हॅच घ्यायची आहे? मग पिकअप सगळ्यात शेवटी बघा

सोलापुरात जुनी वेगवान हॅचबॅक घेणारे बहुतेक जण एकाच पद्धतीने फसतात. आधी मॉडेल मनात भरतं. मग पुण्यात किंवा हैदराबादला गाडी सापडते. तिथे जाऊन दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला एकदा जोरात ओढली की टोकन खिशातून निघतं. मेकॅनिक शोधायची वेळ येते ती गाडी दारात उभी राहिल्यावर, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागल्यावर. पिकअप ही या गाड्यांची सगळ्यात सोपी आणि सगळ्यात फसवी परीक्षा आहे, कारण टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलून ताकद वाढवणारा पंखा) असलेली गाडी मरायला टेकली तरी दोन किलोमीटर मजेत पळते.

खालचे टप्पे आहेत त्याच क्रमाने करा. एखाद्या टप्प्यावर गाडी नापास झाली तर तिथेच थांबा, पुढचं बघूच नका. पुढचं बघितलं की मन गुंततं आणि मग आपणच गाडीची वकिली करायला लागतो.

टप्पा १ : गाडीच्या आधी मेकॅनिक आणि पार्ट

गाडी शोधायला लागण्याआधी दोन-तीन गॅरेजमध्ये जाऊन एकच प्रश्न विचारा: "टर्बो पेट्रोल गाडीचं काम करता का, आणि स्कॅनर कुठला आहे?" स्कॅनर म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारं यंत्र. साध्या गाड्यांचं काम उत्तम करणारा फिटर टर्बो, डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणारी रचना) किंवा ड्युअल क्लच (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक) गिअरबॉक्सच्या कामात हात आखडता घेतो, आणि तो प्रामाणिक असेल तर तसं सांगतोही. त्याच्याकडूनच कळेल की हे काम सोलापुरात कोण करतं आणि कशासाठी पुणे गाठावं लागेल. पुणे अडीचशे किलोमीटर आहे. बंद पडलेली गाडी तिथवर टोइंगने न्यायचा खर्च आधीच विचारून ठेवा, तो बजेटचा भाग आहे.

मग पार्टची चौकशी. मनातल्या मॉडेलचे पुढचे ब्रेक डिस्क, क्लच सेट, टर्बोचा पाइप आणि हेडलाइट, या चार वस्तू कुठे मिळतात, किती दिवसांत येतात आणि काय किमतीला, हे फोन करून विचारा. चारपैकी दोन वस्तूंना "बघून सांगतो" असं उत्तर आलं तर ते मॉडेल रोजच्या गाडीसाठी घेऊ नका. घरात दुसरी गाडी असेल तर गोष्ट वेगळी.

बजेटचा हिशेब साधा ठेवा. हातात शंभर रुपये असतील तर गाडीवर पंच्याहत्तर, फार तर ऐंशी खर्च करा. उरलेले पहिल्या वर्षाचे आहेत: टायर, ब्रेक, बेल्ट, विमा, नावावर करण्याचा खर्च. सगळे पैसे गाडीतच घातले की झिजलेल्या टायरवर वेगवान गाडी चालवायची वेळ येते, आणि ती जिवावर बेतू शकते.

टप्पा २ : कुठली गाडी, कुठल्या दुखण्यासकट

प्रत्येक मॉडेलचं एक ठरलेलं दुखणं असतं. ते माहीत असेल तर तपासणी निम्मी सोपी होते.

फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, २०१३ पासूनची. १.२ लिटर टर्बो, १०५ पीएस (ताकदीचं माप, बीएचपीच्या जवळपास), सोबत सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी, म्हणजे फोक्सवॅगनचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स. इंजिन गोड आहे, धास्ती गिअरबॉक्सची. त्यातलं मेकॅट्रॉनिक युनिट, म्हणजे गिअर बदलणारा इलेक्ट्रॉनिक भाग, गेलं तर खर्च लाखाच्या पुढे जातो. गर्दीत रांगत चालवलेली, कायम तापलेली गाडी असेल तर धोका जास्त. याच गाडीची धाकटी बहीण म्हणजे २०२० नंतरची १.० टीएसआय, ११० पीएस, सहा गिअरची मॅन्युअल. माझं मत विचाराल तर सोलापुरात राहणाऱ्याने, बजेट पोचत असेल तर, हीच घ्यावी. मजा तितकीच आणि डीएसजीची टांगती तलवार नाही.

फियाटची अबार्थ पुंटो, २०१५ पासूनची. १.४ लिटर टी-जेट, १४५ बीएचपी, चारही चाकांना डिस्क. या यादीतली सगळ्यात ताकदवान, आणि स्टिअरिंगची जी जाणीव हातात येते ती आजच्या गाड्यांत मिळत नाही. पण पुंटो बंद होऊन बरीच वर्षं झाली. पार्टसाठी वाट बघायची तयारी हवी, टायमिंग बेल्ट बदलल्याचा पुरावा हवा, आणि घरात दुसरी गाडी हवी. या तीन गोष्टी असतील तर खुशाल घ्या.

मारुती बलेनो आरएस, २०१७ ते २०२०. १.० बूस्टरजेट टर्बो, १०२ पीएस, मॅन्युअल. दिसायला साध्या बलेनोसारखीच, त्यामुळे फार लोकांचं लक्ष जात नाही. बॉडीचे बरेच पार्ट मारुतीच्या दुकानात सहज मिळतात, इंजिनचे मात्र या मॉडेलचेच लागतात. एक गोष्ट विसरू नका: २७ ऑक्टोबर २०१६ ते १ नोव्हेंबर २०१९ या काळात बनलेल्या ७,२१३ बलेनो आरएस कंपनीने एप्रिल २०२३ मध्ये ब्रेकला मदत करणाऱ्या व्हॅक्यूम पंपातल्या दोषासाठी परत बोलावल्या होत्या. बघताय त्या गाडीचं हे काम झालंय का, हे चासी नंबर देऊन मारुतीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा.

फोर्ड फिगो १.५ डिझेल, १०० पीएस आणि २१५ एनएम टॉर्क, म्हणजे ओढ. ओव्हरटेकला पुण्या-मुंबईच्या रस्त्यावर हिच्यासारखी सुखाची गाडी या किमतीत दुसरी नाही. फोर्डने भारतातलं उत्पादन थांबवायचं २०२१ मध्ये जाहीर केलं. सर्व्हिसचे पार्ट मिळतात, बॉडी पार्टची चौकशी आधी करा.

बजेट अगदीच कमी असेल तर पहिल्या पिढीची स्विफ्ट १.३ पेट्रोल. ८७ बीएचपी, हलकी, टर्बोची कटकट नाही, कुठलाही फिटर उघडतो. मात्र २००५ ते २०१० च्या या गाड्यांची १५ वर्षांची नोंदणी संपलेली किंवा संपत आलेली आहे. नूतनीकरणाला फिटनेस तपासणी आणि पर्यावरण कर लागतो. "आरसी रिन्यू करून देतो" या बोलीवर पैसे देऊ नका, आधी रिन्यू झालेली आरसी दाखवा म्हणा.

टप्पा ३ : घरबसल्या चाळणी

गाडी बघायला जाण्याआधी विकणाऱ्याकडून आरसीचा फोटो, विम्याची प्रत आणि सर्व्हिसची बिलं मागवा. एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकून कितवा मालक, नोंदणीची तारीख, विम्याची मुदत आणि बँकेचा बोजा बघून घ्या. ई-चलनही तपासा. चलनांची यादी गाडीचा स्वभाव सांगते: अतिवेगाची आठ-दहा चलनं असतील तर गाडी कशी चालवली गेली हे वेगळं विचारायला नको.

फोनवर तीन प्रश्न विचारा. टायमिंग बेल्ट किंवा क्लचचं काम कधी झालं? गाडीला रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवणं), एक्झॉस्ट, स्प्रिंग असं काही केलंय का? आणि सर्व्हिस कुठे होते? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात मोलाचं. नियमित एकाच ठिकाणी जाणारा मालक गॅरेजचं नाव पटकन सांगतो. मग त्या गॅरेजला तुम्ही स्वतः फोन करा.

माझा ठाम आग्रह आहे की या वर्गात मॉडेलपेक्षा मालक निवडावा. सगळी बिलं फाइलमध्ये लावून ठेवणाऱ्या मालकाची लाखभर किलोमीटर चाललेली गाडी ही कागद नसलेल्या चाळीस हजार चाललेल्या गाडीपेक्षा बरी.

सावध : विजयपूर, कलबुर्गी, हैदराबाद आपल्याला जवळ, म्हणून केए (कर्नाटक) आणि तेलंगणा पासिंगच्या गाड्या स्वस्तात समोर येतात. दिल्लीतल्याही येतात, कारण तिथे जुन्या गाड्यांवर निर्बंध आहेत. परराज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, इथला रस्ता कर आणि नवीन नोंदणी करावी लागते. तिथला कर परत मिळवायला वेगळा अर्ज. हे सगळं मिळवून बेरीज करा, आणि मगच एमएच-१३ च्या, म्हणजे सोलापूर पासिंगच्या, गाडीशी तुलना करा. बऱ्याचदा फरक उरतच नाही.

टप्पा ४ : थंड इंजिन

वेळ सकाळची घ्या आणि आदल्या रात्री सांगून ठेवा: "मी येईपर्यंत गाडी चालू करू नका." पोचल्या पोचल्या बॉनेटवर तळहात ठेवा. कोमट लागलं तर गाडी आधीच चालू करून ठेवली होती. हसून विचारा, चहा घ्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा या किंवा सोडून द्या.

इंजिन थंड असतानाच कूलंटच्या टाकीचं झाकण उघडा. गरम असताना कधीही उघडू नका, चेहरा भाजतो. आत रंगीत, स्वच्छ कूलंट दिसायला हवं. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून कित्येक जण रेडिएटरमध्ये सरळ बोअरचं पाणी ओततात. बोअरच्या पाण्यातला क्षार आत बसतो. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं की पांढरट-पिवळी, चुन्यासारखी पूड बोटाला लागते. ही पूड दिसली की समजा रेडिएटर आणि हीटरच्या बारीक नळ्यांतही तीच बसली आहे. टर्बो इंजिनला हे सोसत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर गेला की एसी लावून सिग्नलला उभी असताना अशी गाडी तापते. कूलंटवर तेलकट साय दिसली किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा दिसला तर हेड गॅस्केट (इंजिनात तेल आणि कूलंट वेगळं ठेवणारं सील) गेल्याची शंका घ्या आणि घरी जा.

आता चावी फिरवून फक्त इग्निशन चालू करा, इंजिन नाही. इंजिनचा, एबीएसचा आणि एअरबॅगचा दिवा लागला पाहिजे. एबीएस आणि एअरबॅगचा काही सेकंदांत विझतो, इंजिनचा मात्र इंजिन चालू झाल्यावर विझला पाहिजे. लागलाच नाही तर कुणीतरी बल्ब काढलाय किंवा जोडणी तोडलीय.

मग स्टार्ट. मागे एका माणसाला उभं करा. डिझेलचा हलका धूर चालतो, पेट्रोलला निळा धूर चालत नाही. दोन-तीन मिनिटं आयडलवर सोडा आणि मग एकदा अ‍ॅक्सिलरेटर द्या. त्या क्षणी निळ्या धुराचा झोत आला तर टर्बोचे सील किंवा व्हॉल्व्ह सील गेलेत. सुरुवातीला चेनचा खडखडाट सेकंद-दोन सेकंदांपेक्षा जास्त टिकला तर तेही लिहून ठेवा.

तपासा : बॉनेट कोमट नव्हतं, कूलंट रंगीत होतं, तिन्ही दिवे लागून विझले, धूर निळा नव्हता. चारही हो असतील तरच पुढे.

टप्पा ५ : पत्रा, टायर आणि पाणी

उन्हात बघा, शोरूमच्या ट्यूबलाइटखाली नाही. पुढच्या मडगार्डचे बोल्ट बघा: पाना लागलेला असेल तर रंग उडालेला दिसतो. मडगार्ड बदललं म्हणून गाडी टाकाऊ होत नाही. एप्रन (बॉनेटखालचा चाकावरचा पत्रा), पिलर (छताचे खांब) आणि चासीच्या पट्टीवर वेल्डिंग दिसलं तर मात्र घेऊ नका. ओळखीचा डेंटर बरोबर असेल तर तो हे दोन मिनिटांत सांगतो, त्याचे पाचशे रुपये वसूल होतात.

टायरवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. चारही टायर एकाच कंपनीचे आणि सारखे झिजलेले असावेत. आतली कड जास्त झिजली असेल तर अलाइनमेंट बिघडलंय किंवा सस्पेन्शन वाकलंय. अलॉयला आतून हात फिरवा, स्पीडब्रेकर आणि खड्ड्यांनी आलेला पोचा आतल्या कडेलाच सापडतो.

किलोमीटर खरे आहेत का, हे मीटर सांगत नाही. ड्रायव्हर सीटची दाराकडची कड, क्लच पेडलचं रबर आणि स्टिअरिंगची चामडी सांगते. पेडल गुळगुळीत आणि मीटरवर तीस हजार, हे जमत नाही.

पुराची तपासणी आता जिल्ह्यात सक्तीची समजा. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुरात माढा-मोहोळ भागात गावंच्या गावं पाण्यात होती, आणि पाण्यातून निघालेल्या गाड्या धुऊन-पुसून कधी ना कधी बाजारात येतातच. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा: आतल्या टोकाला मातीची रेष असेल तर गाडी बुडाली होती. स्टेपनीच्या खड्ड्यातला कार्पेट उचला, सीटखालच्या वायरचे कनेक्टर बघा, काचा बंद करून एसी लावा आणि वास घ्या. पाण्यात बुडालेली हॉट हॅच कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. हिच्यात इलेक्ट्रॉनिक्स जास्त, आणि ती वर्षभर एकेक करून जातात.

टप्पा ६ : चालवून बघणं

आधी गर्दी. सात रस्ता ते विजापूर रोड असा गर्दीतला तुकडा घ्या किंवा तसाच दुसरा. डीएसजी असेल तर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत चालवा. थरथर जाणवली, रिव्हर्स पडायला उशीर झाला, किंवा गिअरचा आकडा डॅशबोर्डवर लुकलुकला तर गाडी परत करा. मॅन्युअलला वरच्या गिअरमध्ये कमी वेगावरून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा: आरपीएम वाढले आणि वेग वाढला नाही तर क्लच घसरतोय. रीमॅप केलेल्या गाड्यांत हे हमखास सापडतं.

मग मोकळा रस्ता. तुळजापूरच्या दिशेने जा, शेवटी घाटाचा चढ मिळतो. टर्बोची ओढ सलग यायला हवी, मध्येच गचका किंवा शिट्टीसारखा जोरदार आवाज नको. उतरताना ब्रेक लागल्यावर स्टिअरिंग थरथरतं का, गाडी एका बाजूला ओढते का, हे बघा. वेगमर्यादा सोडायची काहीच गरज नाही, या सगळ्या गोष्टी ऐंशीच्या आत कळतात. अंधार पडल्यावर ट्रायल घेऊ नका. गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्या रिफ्लेक्टरशिवाय उभ्या असतात आणि गाडी तुमच्या हाताला नवीन असते.

उन्हाळ्यात घेत असाल तर त्याच दिवशी दुपारी पुन्हा जा. भर उन्हात एसी फुल्ल लावून वीस मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवा. टेंपरेचर हलता कामा नये, पंखा चालू-बंद होत राहिला पाहिजे, आणि एसी गार राहिला पाहिजे. ही परीक्षा पुण्या-मुंबईत राहणाऱ्याला इतकी चांगली मिळत नाही. आपल्या उन्हाचा फायदा घ्या.

टप्पा ७ : लिफ्ट आणि स्कॅनर

टप्पा १ मध्ये शोधलेल्या मेकॅनिककडेच गाडी न्या. विकणारा "गॅरेजला नेणार नाही" म्हणाला तर तिथेच नमस्कार करा.

लिफ्टवर गाडी चढली की ऑइल पॅनवर मार, ड्राइव्ह शाफ्टचे फाटलेले रबर बूट, शॉकअपमधून गळणारं तेल आणि इंजिनखालचा ओलावा बघा. इंटरकूलरचा (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचा) पाइप काढायला सांगा. आत तेलाचा हलका थर चालतो, थेंब गळायला लागले तर टर्बो तपासावा लागेल.

स्कॅनरबाबत एक गोष्ट फार कमी लोक विचारतात. नुसतं "एरर कोड नाही" ऐकून समाधान मानू नका. "रेडिनेस मॉनिटर पूर्ण आहेत का?" असं विचारा. गाडी काही दिवस नीट चालल्यावर तिच्या स्वतःच्या चाचण्या पूर्ण होतात. कोड नुकतेच पुसले असतील किंवा बॅटरी काढली असेल तर त्या अपूर्ण दिसतात. बहुतेक मॉनिटर अपूर्ण असतील तर काल-परवाच काहीतरी लपवलेलं असू शकतं. दोनेक दिवस गाडी चालवून पुन्हा स्कॅन करा.

सावध : कॅटलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा एक्झॉस्टमधला भाग) काढलेली, मोठा आवाज करणारा एक्झॉस्ट लावलेली गाडी "स्टेज टू", म्हणजे ताकद वाढवलेली, म्हणून जास्त किमतीत विकतात. किंमत उलट कमी व्हायला हवी. कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला धरून नाहीत, पीयूसी अडतं आणि अपघातात विमा कंपनीला हात वर करायला कारण मिळतं. मूळ पार्ट मालकाकडे असतील तर ते बसवून मग सौदा. रंग बदलला असेल तर आरसीवर नोंद आहे का, तेही बघा.

टप्पा ८ : सौदा आणि पैसे

आता बोला. लिहून आणलेल्या दोषांची यादी आणि मेकॅनिकने सांगितलेला खर्च समोर ठेवा, बाजारभावावर वाद घालत बसू नका. खर्च वजा करा आणि गप्प बसा.

टोकन पाच-दहा हजारांपेक्षा जास्त नको, पावतीवर "कागदपत्रांत अडचण निघाल्यास परत" हे वाक्य हवं. उरलेली रक्कम फक्त आरसीवर नाव असलेल्या माणसाच्या खात्यात, भावाच्या किंवा एजंटच्या नाही. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत स्वीकारायला आयकर कायद्याची मनाई आहे, त्यामुळे कुणी रोखीचा आग्रह धरला तर सावध व्हा.

कागद हातात घेतल्याशिवाय पूर्ण पैसे सोडू नका: आरसी, सही केलेले फॉर्म २९ आणि ३० (मालकी बदलाचे), विमा, पीयूसी, विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत, दोन्ही चाव्या. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि तो उतरवायचा फॉर्म ३५. डिलिव्हरी नोटवर तारीखच नाही, वेळही लिहा. त्या वेळेआधीचं चलन त्याचं, नंतरचं तुमचं. २०१९ च्या एप्रिलआधीच्या गाडीला एचएसआरपी (सरकारमान्य सुरक्षित) नंबर प्लेट बसवलेली आहे का, हेही इथेच उरकून घ्या.

विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्या. थर्ड पार्टीचं संरक्षण कायद्याने आपोआप येतं, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा विमा नावावर नसेल तर फेटाळला जातो. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याची हप्त्यातली सूट) तुम्हाला मिळत नाही, तो त्याचाच राहतो. हप्त्यातला फरक भरावा लागेल. "नावावर करायचं काम एजंट बघेल" म्हणून विसरू नका, आरटीओच्या पोर्टलवर अर्जाची स्थिती स्वतः बघत राहा.

टप्पा ९ : पहिला महिना

ऑइल, सगळे फिल्टर, ब्रेक ऑइल आणि कूलंट बदला, बिलं कितीही ताजी असली तरी. ऑइल मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच, "हे चालतं" म्हणून दिलेलं नाही. कूलंट डिस्टिल्ड पाण्यातच. बेल्टवर चालणारं इंजिन असेल आणि बेल्ट बदलल्याचं बिल नसेल तर तो बदलाच, सोबत पाण्याचा पंपही. जुन्या गाड्या आजच्या ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलसाठी बनलेल्या नाहीत, म्हणून इंधनाचे रबरी पाइप आणि त्यांचे क्लिप दर सर्व्हिसला बघायला सांगा. ऍव्हरेज थोडं कमी मिळेल हे धरून चाला. पेट्रोलचा वास आला तर त्या दिवशी गाडी चालवू नका.

पैसे उरले तर क्रम असा: टायर, ब्रेक पॅड, शॉकअप. तुळजापूर घाटात उतरताना फरक या तीन गोष्टींनीच पडतो. रीमॅपचा विचार करायचाच असेल तर एक उन्हाळा आणि एक पावसाळा गाडी जशी आहे तशी चालवा, टेंपरेचर आणि ऑइलची पातळी वहीत लिहा. दोन सर्व्हिसच्या मधल्या काळात ऑइल भरावं लागलं असेल तर तो विषय तिथेच बंद.